जेटीवरचा गाळा, स्टँडवरचा गाळा: आधी विकसकाचा मूळ करार मागा

गेल्या काही महिन्यांत वकील म्हणून माझ्याकडं येणारे निम्मे प्रश्न एकाच गोष्टीवरचे आहेत. कुठंतरी जेटी, फेरी टर्मिनल नाहीतर एसटी स्टँडची जागा बीओटीवर (बांधा, चालवा, मुदत संपली की परत द्या) किंवा पीपीपीवर (सरकार आणि खाजगी भागीदारी) विकसकाला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिलीय, किंवा द्यायचं चाललंय, तिथं कॉम्प्लेक्स होणार आहे आणि त्यातला गाळा ओळखीत मिळतोय. कोल्हापूरचा पैसा घाट उतरून कोकणात जातो ह्यात नवीन काही नाही. पण स्वतःची बिनशेती जमीन घेऊन त्यावर हॉटेल टाकणं वेगळं, आणि सरकारी बंदराच्या जागेवर दुसऱ्यानं बांधलेल्या इमारतीत गाळा घेणं वेगळं, आणि हा फरक लोक पैसे भरून झाल्यावर विचारायला येतात. म्हणून एकदाच सगळं लिहितेय. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढलीत.

प्रश्न: मॅडम, एजंट म्हणतोय ९९ वर्षांचं लीज म्हणजे मालकीच झाली की. खरं आहे का?

नाही. पट्टा संपला की जागा मूळ मालकाकडं परत जाते, तुमच्याकडं असतो तो फक्त उरलेल्या वर्षांचा वापर.

प्रश्न: पेपरात वाचलं की एसटीच्या जागांची मुदत आता ९८ वर्षं झाली. आमच्या तालुक्याच्या स्टँडवर कॉम्प्लेक्स झालं आणि गाळा घेतला तर नातवापर्यंत काळजी मिटली ना?

२०२५ मध्ये मंत्रिमंडळानं एसटीच्या जागांसाठी भाडेपट्ट्याची मुदत ६० वर्षांवरनं ४९ अधिक ४९ अशी ९८ वर्षांपर्यंत नेली, एवढं बरोबर वाचलंय तुम्ही. पण ही मुदत विकसकाला मिळणाऱ्या पट्ट्याची आहे, तुमच्या गाळ्याची नव्हे. दुसरी ४९ वर्षं कुठल्या अटीवर मिळणार, भाडं तेव्हा कसं ठरणार, आणि तुमच्या पोटपट्ट्यात, म्हणजे विकसकाच्या पट्ट्याखाली तुम्हाला मिळणाऱ्या पट्ट्यात, ती दुसरी ४९ लिहिलीयत का, हे त्या त्या जागेच्या करारात बघायचं असतं. शिवाय विकसकाच्या पट्ट्याची घड्याळं तुम्ही गाळा घेता त्या दिवशी सुरू होत नाहीत. बांधकामाला सहा वर्षं गेली तर ती सहा वर्षं तुमच्या हिशेबातनं वजा, आणि वीस वर्षांनी गाळा विकायला काढलात तर घेणारा उरलेली वर्षं मोजूनच भाव करणार, बँकसुद्धा कर्जाची मुदत आणि पट्ट्याची उरलेली मुदत शेजारी शेजारी ठेवून बघते. जुनी मुदत असलेली टेंडरं आधीच झालेली असतात त्यांना नवी मुदत आपोआप लागू होते असंही धरून चालू नका. स्टँडचं नाव आणि टेंडरची प्रत घेऊन वकिलाकडं जा.

प्रश्न: वडील गेले. त्यांच्या नावावरचा २९ वर्षांचा गाळा आम्हाला मिळेल का?

उरलेल्या मुदतीपुरता सहसा वारसांना मिळतो, करारात वेगळी अट नसेल तर. वारसनोंद लगेच घाला.

प्रश्न: ताई, कोकणात एका जेटीजवळ फेरी टर्मिनलचं कॉम्प्लेक्स होणार आहे. आमच्या दाजींच्या ओळखीतला विकसक आहे. आम्ही दोघा भावांनी मिळून ८ लाख दिलेत, पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केलीय, गाळा नंबरसुद्धा लिहून दिलाय. विकसकाकडं सरकारचं पत्र आहे, ते आम्ही बघितलं. आता उरलेले १४ लाख द्यायचे आहेत. देऊ का?

देऊ नका. एक रुपयासुद्धा देऊ नका, आधी हे सगळं वाचा, आणि दाजींना पण वाचायला द्या.

तुम्ही बघितलेलं सरकारचं पत्र बहुतेक लेटर ऑफ इंटेंट असणार. त्याचा अर्थ एवढाच की टेंडरमध्ये तुमची बोली स्वीकारायचा आमचा विचार आहे, पुढच्या अटी पूर्ण करा, अधिमूल्य (प्रीमियम) भरा, बँक गॅरंटी द्या, मग करार करू. तो भाडेपट्टा नव्हे. पुष्कळ प्रकल्पांत तर करार झाल्यावरसुद्धा बांधकाम चालू असेपर्यंत विकसकाला नुसती जागेत शिरून काम करायची परवानगी असते, नोंदणीकृत भाडेपट्टा काम पूर्ण झाल्यावर, सगळे पैसे भरल्यावर होतो. म्हणजे ज्या माणसाकडं आज स्वतःचा पट्टा नाही तो तुम्हाला पोटपट्टा लिहून देतोय. जे स्वतःकडं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

आता तुमचा कागद. नोटरी केली म्हणजे काय झालं? सही ह्याच माणसानं माझ्यासमोर केली एवढं नोटरीनं सांगितलं, बाकी काही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ प्रमाणं एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानंच होतो. दुय्यम निबंधकाकडं नोंदलेला नसेल तर तो कागद पट्टा म्हणून कोर्टात उभा राहत नाही. "नंतर रजिस्टर करू, आत्ता खर्च कशाला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की मला समोरच्या माणसाचा गाळा जाताना दिसतो.

आणि आता ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट, जी कुणी एजंट तुम्हाला सांगणार नाही. समजा उद्या विकसकाला पट्टा मिळाला, तुमचाही पोटपट्टा रीतसर नोंदला गेला, तुम्ही शटर लावलं, धंदा सुरू झाला. विकसकानं सरकारचं वार्षिक भाडं थकवलं, किंवा ठरल्यापेक्षा दोन मजले जास्त चढवले, किंवा प्रवासी शेड बांधायची होती ती बांधलीच नाही, आणि जागेच्या मालक सरकारी प्राधिकरणानं अटभंगाखाली त्याचा मूळ पट्टा जप्त केला. तुमचं काय? त्याच कायद्यातलं कलम ११५ बघा. मूळ पट्टेदारानं स्वखुशीनं पट्टा परत केला तर आधी रीतसर दिलेले पोटपट्टे टिकतात. पण पट्टा जप्त झाला तर त्याच्याखालचे पोटपट्टे सगळे संपतात. अपवाद दोनच, मालकानं पोटपट्टेदारांना फसवण्यासाठीच जप्ती घडवून आणली असेल तर, नाहीतर भाड्याच्या थकबाकीवरनं झालेली जप्ती कोर्टानं कलम ११४ खाली माफ केली तर. म्हणजे तुम्ही तुमचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरलंय, तुमची काहीही चूक नाही, तरी दुसऱ्याच्या थकबाकीनं तुमचं दुकान जातं. माझ्या ऑफिसात एकदा अशाच एका प्रकरणातले दहा-अकरा गाळेधारक एकत्र आले होते, सगळ्यांकडं पावत्या होत्या, एकानंही मूळ करार बघितला नव्हता. त्यातल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाचं सोनं मोडून गाळा घेतला होता. त्यांना काय सांगायचं हे मला त्या दिवशी सुचलं नाही, अजूनही तो दिवस आठवला की त्रास होतो.

म्हणून सांगते, मूळ करार मागा. प्राधिकरण आणि विकसक ह्यांच्यातला, सगळ्या परिशिष्टांसकट. गुळाच्या बाजारात तुम्ही ढेप फोडून, चाखून बघितल्याशिवाय सौदा करत नाही आणि इथं बावीस लाखाचा सौदा नुसता ब्रोशर बघून करताय. करारात काय बघायचं ते वकील बघेल पण तुम्हालाही माहीत असू दे. पोटपट्टा द्यायचा अधिकार विकसकाला आहे का, आणि दरवेळी प्राधिकरणाची लेखी संमती लागते का. पट्टा रद्द कुठल्या कारणांनी होतो आणि सुधारणेसाठी किती दिवस मिळतात. कर्ज काढायला विकसक पट्टा तारण ठेवू शकतो का, आणि ठेवलाय का, विकसक कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडं बोजाची नोंद मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम असं हवं की मूळ पट्टा रद्द झाला तरी रीतसर पोटपट्टेदारांना प्राधिकरण उरलेल्या मुदतीसाठी थेट आपले पट्टेदार धरेल. हे कलम काही करारांत असतं, काहींत नसतं. नसेल तर गाळ्याची किंमत निम्मी झाली तरी मी तुम्हाला घ्या म्हणणार नाही.

विकसक म्हणेल करार गोपनीय आहे. सार्वजनिक जागेचा करार आहे, माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागा तिथनं. पण आधी विकसकालाच मागा, जो दाखवत नाही त्याच्याकडं थांबायचं कारण काय?

राहता राहिला रेरा, म्हणजे घर-गाळे घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा बांधकाम प्रकल्पांचा कायदा. बांधकाम चालू असलेला प्रकल्प, जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि गाळे आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या यंत्रणेची) नोंदणी लागते, आणि लांब मुदतीच्या लीजवर दिलंय म्हणून रेरा लागत नाही ही पळवाट मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लवासाच्या प्रकरणात बंद केलीय, तिथं लीज ९९९ वर्षांचं होतं. नोंदणीकृत करार न करता किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. तुमच्याकडनं २२ लाखापैकी ८ लाख आधीच घेतलेत, म्हणजे छत्तीस टक्के. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर आजच शोधा, नसेल तर ८ लाख परत मागायची नोटीस वकिलामार्फत पाठवा. नात्यातला माणूस मध्ये आहे म्हणून थांबू नका, नातं सांभाळायचं असेल तर कागद आत्ताच करून घेणं बरं.

प्रश्न: लीजचा दस्त असल्यानं स्टँप ड्युटी नगण्य लागते म्हणे?

चूक. २९ वर्षांपेक्षा जास्त मुदत असेल तर बाजारमूल्याच्या ९० टक्के रकमेवर खरेदीखताच्याच दरानं ड्युटी लागते, १० ते २९ वर्षांला ५० टक्क्यांवर. आणि "२९ चं करू, पुढं २९ चं नूतनीकरण लिहू" ही युक्ती चालत नाही, नूतनीकरणाची मुदत दस्तात स्पष्ट लिहिली असेल तर ती आत्ताच्याच पट्ट्यात मोजतात. कमी ड्युटी भरलेला दस्त पुढं दंडासकट तुमच्याच गळ्यात येतो. जीएसटीचं वेगळं, ते सीएला विचारा.

प्रश्न: आमचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. तिथल्या फेरी बिल्डिंगचे फोटो पाठवले, काय सुंदर मार्केट केलंय आणि मागनं बोटी पण सुटतात. तिथं खाजगी विकसकाला दिलं तर चालतं आणि आपल्याकडं दिलं की बोंब, असं का?

प्रश्न आवडला. ती इमारत १८९८ ची. १९३६ आणि १९३७ मध्ये खाडीवरचे दोन मोठे पूल झाले, लोक मोटारीनं जायला लागले, फेरीचे प्रवासी आटले, आणि मग समोरनं दुमजली हायवे गेला त्यामागं ती झाकूनच गेली. १९८९ च्या भूकंपानंतर तो हायवे पाडला आणि विकसकाला लांब मुदतीचा पट्टा देऊन, जुनी इमारत नीट करून २००३ मध्ये मार्केट सुरू झालं. खाली दुकानं, वर ऑफिसं, मागं धक्का.

पण मुलाला फोटोत न दिसणारी गोष्ट बघायला सांगा. जागा अजून तिथल्या पोर्टचीच आहे, विकलेली नाही. पट्टा ६६ वर्षांचा, कारण त्या पोर्टला ६६ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा देताच येत नाही, ही मर्यादा कायद्यानं घातलीय आणि कारण असं की किनाऱ्याची जमीन लोकांसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. २०१८ मध्ये पट्टेदार बदलला, दुसऱ्यांनी उरलेली वर्षं विकत घेतली, तरी मालक पोर्टच राहिलं. विश्वस्ताची ही कल्पना आपल्याकडं नाही असं समजू नका. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये बियास नदीकाठच्या मोटेलच्या प्रकरणात तीच मांडली, नदी, किनारा ह्या गोष्टी सरकार लोकांच्या वतीनं सांभाळतं आणि खाजगी फायद्यासाठी अशा देऊन टाकता येत नाहीत. विकसकाला पट्टा द्यायला माझा विरोध नाही. टर्मिनलला पैसा लागतो, शेड गळतात, संडास बंद असतात, हे मलाही दिसतं. माझं म्हणणं मुदत, भाडं आणि प्रवाशांची जागा ह्या तीन गोष्टी करारात बांधलेल्या असाव्यात आणि करार लोकांना वाचायला मिळावा.

प्रश्न: मालवणच्या बाजूला जेटीला लागून हॉटेलसाठी वरचा मजला भाड्यानं मिळतोय. जेटीला सीआरझेडची (किनारा नियमनाची) परवानगी आहेच, मग आम्हाला वेगळी काढायची गरज नाही असं विकसक म्हणतो.

जेटीला मिळालेली परवानगी हॉटेलला मिळत नाही. बोट लावायला पाण्याचा काठच लागतो म्हणून जेटीला किनाऱ्यावर मुभा असते, मिसळपाव किनाऱ्यावरच करायला पाहिजे असं नाही. परवानगीच्या पत्रात वापर काय लिहिलाय ते शब्दन् शब्द वाचून घ्या, सांडपाण्याची अट त्यातच असते. आणि आणखी एक, भाडं बारा महिन्यांचं ठरवू नका. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, कोकणातली बरीच प्रवासी बोट वाहतूक त्या दिवसांत थांबते, तुमचं गिऱ्हाईकही थांबणार. किनारा नियमनाचं काम बघणाऱ्या जाणकाराला आणि वकिलाला दोघांनाही कागद दाखवा.

प्रश्न: आमचा महापालिकेच्या मार्केटमधला गाळा आजोबांपासून आहे. चार महिन्यांपूर्वी भाडेवाढीची आणि जागा रिकामी करायची नोटीस आली. शेजारचे म्हणाले भाडेनियंत्रण कायदा आपल्या बाजूनं आहे, काही होत नाही. आता दुसरी नोटीस आलीय.

चार महिने! शेजाऱ्यांनी तुमचे चार महिने खाल्ले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याचं कलम ३ उघडून बघा, सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना तो कायदा लागूच नाही. महापालिकेच्या जागेला महापालिका अधिनियम लागतो, त्याच्या कलम ७९ प्रमाणं महापालिकेला जागा चालू बाजारमूल्यापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही, आणि ८१ ब खाली आयुक्त जागा रिकामी करायचा आदेश काढू शकतात. तुमच्या बाजूनं काहीच नाही असं नाही. कारण दाखवायची संधी, सुनावणी, भाडं कसं काढलं त्याचा हिशेब हे सगळं मागता येतं, जिल्हा न्यायाधीशांकडं अपील आहे, पण त्याच्या मुदती दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. जुन्या पावत्या, पहिला करार, दोन्ही नोटिसा आणि नोटीस ज्या पाकिटातनं आली ते पाकीटसुद्धा घेऊन ह्या एक-दोन दिवसांत वकील गाठा. चालू भाडं भरायचं थांबवू नका, घेत नसतील तर तसं लेखी ठेवा.

प्रश्न: पण सरकारी मालक वाट्टेल तेवढं भाडं वाढवू शकतो का?

वाट्टेल तेवढं नाही. मुंबई पोर्टच्या जुन्या पट्टेदारांचं ह्याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की सार्वजनिक संस्था मालक असली तरी तिनं खाजगी मालकासारखं फक्त नफ्याकडं बघायचं नाही, वाजवीच वागायचं, पण बाजाराप्रमाणं रास्त वाढ करायला तिला मनाईही नाही. गाळा घेतानाच वाढीचं सूत्र करारात घालून घेतलं तर हे भांडण होत नाही. "वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे" असं लिहिलं असेल तर सही करायच्या आधी विचारा.

प्रश्न: विकसक दरमहा एक टक्का खात्रीचं रिटर्न देतोय गाळ्यावर, ताबा मिळेपर्यंत. चांगलं आहे ना?

नाही. ज्याचा प्रकल्प उभा राहिलेला नाही तो तुम्हाला तुमचेच पैसे परत देतोय. ठेवीदारांच्या संरक्षणाचे कायदे, १९९९ चा महाराष्ट्राचा आणि २०१९ चा केंद्राचा, अशा योजनांना लागू शकतात. सही करायच्या आधी योजनेचा कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न: आम्ही गाळेवाले नाही, नुसते प्रवासी. आमच्या मुलांची शाळा खाडीपलीकडं आहे, रोज फेरीनं जातात. टर्मिनलच्या जागेत मॉल होणार, तिकीट खिडकी आणि शेड मागं सरकवणार असं ऐकलंय. कोल्हापुरात राहणाऱ्या भावाला विचारायला सांगितलं म्हणून लिहितोय. आम्हाला कुणी विचारणार का?

ऐकलंय एवढ्यावर थांबू नका, हे माझं पहिलं सांगणं. नकाशा मागा. टेंडरच्या कागदांत टर्मिनलचा नकाशा असतो, त्यात प्रवासी शेड किती चौरस मीटर, रॅम्प कुठनं, तिकीट खिडकी धक्क्यापासून किती लांब, पार्किंगमधनं प्रवाशांना जायला वाट किती रुंद हे सगळं आखलेलं असतं. माहिती अधिकारात नकाशा, टेंडरची सूचना, बोलींचा तक्ता आणि कराराचा मसुदा मागा. व्यावसायिक गुपित म्हणून नाकारलं तर कलम ८ मधल्या त्या सवलतीला व्यापक जनहिताचा अपवाद आहे, तो लिहून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा.

तुम्हाला विचारणार का, तर आपणहून कुणी विचारेल ह्या भरवशावर राहू नका, हरकती तुम्हीच लेखी घालायच्या. एकट्यानं नाही, शाळेनं, मच्छीमार सोसायटीनं, बाजाराला जाणाऱ्या बायकांच्या बचत गटानं, सगळ्यांनी. आणि करार व्हायच्या आत, कारण करार झाला, पैसे भरले गेले, खांब उभे राहिले की "आता फार पुढं गेलंय" हे उत्तर मिळतं. तरीही आशा सोडू नका. लखनौच्या अमीनाबादमध्ये महापालिकेनं बागेखाली भुयारी बाजार बांधायला टेंडर न काढता बिल्डरला दिलं होतं, बांधकामही झालं होतं, १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पाडून बाग पहिल्यासारखी करायला लावली. कोर्टाला तिथं खटकलेल्या दोन गोष्टी तुमच्याही कामाच्या आहेत, टेंडर नव्हतं आणि सार्वजनिक वापराची जागा खाजगी फायद्यासाठी गेली होती. म्हणून टेंडर झालं का, किती बोली आल्या, हे आधी शोधा.

कोर्टात जायची वेळ आलीच तर आता मुंबईची गाडी पकडायला नको. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या हद्दीत आहेत. त्यासाठी आपल्या भागानं किती वर्षं आंदोलन केलं ते वकील म्हणून मी जवळनं बघितलंय, ते बेंच अशाच कामांसाठी मागितलं होतं. पण याचिका कागदांवर टिकते, भावनेवर नाही. कागद गोळा झाले की भावाला माझ्याकडं किंवा जवळच्या कुठल्याही वकिलाकडं पाठवा.

प्रश्न: स्टँडवर ११ महिन्यांच्या करारावर चहाचा स्टॉल आहे, दरवर्षी नवा करार होतो. बारा वर्षं झाली. आता मी भाडेकरू झालो का?

नुसती वर्षं झाली म्हणून नाही. कागदावर काय नाव आहे ह्यापेक्षा जागेचा एकट्याचा ताबा तुमच्याकडं आहे का, की फक्त वापरायची परवानगी, हे कोर्ट बघतं. सगळे बारा करार एकत्र करून दाखवा. स्टँड विकसकाकडं गेलं तर तुमच्यासाठी नव्या इमारतीत जागा ठेवायची अट आहे का तेही टेंडरमध्ये बघून घ्या.

प्रश्न: २०२२ च्या दिवाळीत एका टर्मिनल कॉम्प्लेक्समध्ये गाळ्यासाठी ५ लाख दिले. काम अजून सुरू नाही. विकसक दर सहा महिन्यांनी भेटतो, गोड बोलतो, पुढच्या दसऱ्याला नक्की म्हणतो. भांडण नको म्हणून गप्प आहोत. आणखी थोडं थांबावं का?

थांबून थांबूनच हे इथवर आलंय. पैसे परत मागायच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती कधीपासून मोजायची, पैसे दिल्यापासून, ताब्याची तारीख चुकल्यापासून की त्यानं नकार दिल्यापासून, हे कागदावर ठरतं. गोड बोलण्यानं मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत त्यानं सही करून देणं लेखी कबूल केलं असेल तर त्या तारखेपासून नव्यानं मोजता येते, म्हणून जुनी पत्रं, मेसेज, चेक, पावत्या सगळं शोधा, फोन बदलला असेल तर जुना फोनसुद्धा टाकू नका. प्रकल्प रेराखाली येत असेल तर कलम १८ प्रमाणं वेळेत ताबा न दिल्यास व्याजासकट पैसे परत मागता येतात, तो रस्ता वेगळा आणि पुष्कळदा सोपा पडतो. त्याला आता नवीन कागद करू म्हणून कुठल्याही स्टँपवर सही देऊ नका, त्यात जुना व्यवहार मिटला असं एक वाक्य घातलेलं असतं. दसऱ्याची वाट बघू नका, हा आठवडा संपायच्या आत कागद घेऊन वकिलाकडं जा.